टोपी निघाली की धाव

आमच्या फुटबॉल टीमची कोचताई दिवसा शिलाई मशीन दुरुस्त करते. आधी ती मोठ्या क्लबच्या सरांची मदतनीस होती; त्यांनी तिला, "बाऽऽई, डिफेन्स तुमच्या डोक्यात शिरायचा नाही," असं नाकातून म्हणत हाकललं होतं. तो अपमान तिने गिळला, पचवला मात्र नाही.

सरांनी टोपी काढली की त्यांचे बचावपटू एकदम पुढे सरकायचे आणि समोरचा त्यांच्या पाठीमागे एकटा उरून ऑफसाइड सापडायचा. ही खूण मुळात तिनेच बसवलेली.

"टोपी निघाली की पुढचा माघारी येईल, मागचा त्यांच्या पाठच्या मोकळ्या जागेत धावेल," तिने आमच्याकडून घोटून घेतलं.

फायनलला सरांच्याच क्लबशी गाठ पडली; जितक्यांदा टोपी निघाली, तितके आमचे गोल झाले. शेवटी ताई सरांपाशी गेली.

"सऽऽर, घाला आता टोपी. डोक्यात ऊन शिरेल!"