न आलेल्या पाहुण्यांचं स्वागत

कामशेतपासून लोणावळ्यापर्यंत लग्न कोणाचंही असो, माईक आबांच्या हातात. पाहुण्यांच्या स्वागतात पहिली पाच नावं ठरलेली. "भाजे गावच्या ठकूबाई, कान्हे गावच्या हौसाबाई..." अशी पाचही घेऊन म्हणत, "यांचं स्वागत. खाणीत दरड अंगावर आल्यामुळं त्या येऊ शकल्या न्हाईत." मग आमदार, सरपंच वगैरे जिवंत मंडळी.

एकदा एक पुढारी रुसले. "मेलेल्या बायकांनंतर माझं नाव?"

"सायेब, त्या तुमच्या आदी गेल्या," आबा माईकवरूनच म्हणाले. "क्रमानं घेतोय."

आबा त्या खाणीत मुकादम होते. दरड हलतेय, हे बायकांनी सकाळीच सांगितलं होतं. आबांनी तरी त्यांना कामाला लावलं आणि चौकशीला साहेब आले तेव्हा मालकाकडे बघून तोंड मिटलं. "तवा इचारलं तरी बोललो न्हाई," ते म्हणत. "आता न इचारता सांगतो."

ती खाण माझ्या होणाऱ्या सासऱ्यांची. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, अकलेनं त्याहून बरीच लहान. तोऱ्यात आबांच्या दारी गेले. "आबा, माझ्या लग्नात तेवढी पाच नावं नकोत. चांगलं दिसत नाही."

"बरं, पोरी. न्हाई घ्यायचो."

शब्द पाळला त्यांनी. माईक तोंडाशी धरून पाच नावांना लागेल तेवढा वेळ नुसते उभे राहिले. माईक बंद पडला असं समजून मामांनी त्यावर टिचक्या मारल्या, कोणी दुसरा आणला, वायरमन खांबावर चढला. सासरे तेवढे खाली मान घालून बसले होते. मी मात्र खूश. फोटोत नथ सरळ आली होती.

आबा गेल्या वर्षी गेले. परवा लोणावळ्याच्या एका हॉलमध्ये माझ्या नातीचं लग्न होतं. निवेदकाच्या हातून मी माईक काढून घेतला. मुलगा धावत आला. "आई, ती खाण आपलीच होती."

"म्हणून तर आपण सांगायचं."

चार नावं आली. पाचवं येईना. इतकी वर्षं आबांची ती नावं सुरू झाली की मी मांडवाबाहेर सटकत असे, त्याचं हे फळ. मग माईकवरच विचारलं, "पाचवी कोण हो?"

म्हाताऱ्या हॉलभर भांडू लागल्या.

"बेबी व्हती."

"बेबी माझी नणंद. ती हितंच जेवतीय."

अर्ध्या हॉलनं गावाकडे फोन लावले. मुठीतल्या अक्षता घामानं भिजल्या. भटजींनी घड्याळ दाखवलं. "आजी, मुहूर्त टळतोय."

"थांबा," म्हटलं. "अजून एक जण यायचीय."