शहर पानावरचा माथेफिरू

"गोळी घेतलीत ना आज?" मुख्य उपसंपादकांनी मला विचारलं. संध्याकाळच्या बैठकीत, सगळ्यांसमोर.

बातमी धायरीची होती. एका सोसायटीच्या आवारातल्या दुचाकी पहाटे कुणीतरी पेटवल्या होत्या. मथळा तयार होता : 'माथेफिरूने दुचाकी जाळल्या'. पुण्यात गाड्या जळाल्या की हाच मथळा लागतो. आरोपी सापडायच्या आधी त्याचं निदान झालेलं असतं.

मी एवढंच म्हणाले होते, "अजून कुणाला पकडलेलं नाही. तो वेडा आहे हे आपल्याला कुणी सांगितलं? 'अज्ञाताने' करू या."

त्यावर तो प्रश्न आला. एक जण चहा पिताना ठसकला. बाकीचे हसले.

"अहो मॅडम, चिडू नका. तुमच्याबद्दल नाही लिहिलेलं."

पुन्हा हशा. मी चिडले नव्हते. पण तसं म्हटलं असतं तर तेही चिडणंच ठरलं असतं. मथळा तसाच छापला गेला.

मला बायपोलर डिसऑर्डर आहे. मागच्या उन्हाळ्यात माझी झोप गेली आणि तिची गरजही वाटेना. डोकं सुसाट पळत होतं. वार्ताहर, नातेवाईक, आमचा वॉचमन, दिसेल त्याला मी नवं वर्तमानपत्र काढायची योजना ऐकवत होते. मी आनंदात होते. मग तेच डोकं बंद पडलं. केस विंचरायला हात उचलेना. मरावं, असं रोज वाटे. रुग्णालयात राहिले. औषधं लागू पडली. हा आजार मुळातून जात नाही, आवरून ठेवावा लागतो.

कामावर परतल्यावर टायफॉइड झाला होता सांग, असं घरचे म्हणाले. मी संपादकांना खरं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते सगळ्या मजल्याला माहीत होतं.

तेव्हापासून मी मोठ्याने हसले की चढलंय, गप्प राहिले की उतरलंय. मी तपासलेली बातमी दुसरं कुणीतरी पुन्हा तपासतं. वाशिमहून आईचा फोन येतो. तिचं पहिलं वाक्य : "गोळी घेतली काय वं?" ती काळजीने विचारते. पण हो म्हटल्याशिवाय माझं पुढचं बोलणं तीही ऐकत नाही.

काही दिवसांनी आरोपी सापडला. त्याच सोसायटीतला, नोकरदार, पार्किंगवरून भांडलेला. त्या बातमीत 'माथेफिरू' शब्द नव्हता. माझं बरोबर होतं, असं कुणी म्हणालं नाही.

त्याच आठवड्यात संपादकांनी केबिनमध्ये बोलावलं.

"तुम्ही आता राशिभविष्य आणि शब्दकोड्याचं पान बघा. ताण नको. तुमच्या भल्यासाठीच सांगतोय."

"माझ्या कामातली चूक दाखवा."

"चूक नाही हो. पण उद्या काही झालं तर?"

"झालं तर मी रजा घेईन. शहर पान सोडणार नाही. आणि गोळीचं विचारायला माझे डॉक्टर आहेत. इथे यापुढे कुणी विचारायचं नाही. विचारलंत तर उत्तर मिळणार नाही."

ते माझ्याकडे मायेने बघत राहिले. वॉर्डात भेटायला येणारे असेच बघायचे. शेवटी म्हणाले, "बरं. शांत व्हा."

मी शांतच होते.

आता मी रोज शहर पानाच्या टेबलावर बसते. माझ्याकडे बातम्या येत नाहीत. मागितल्या तर "झाल्या की तपासून" म्हणतात. समोरचा स्क्रीन रिकामा असतो. हे बदलेल असं मला वाटत नाही. मी पुन्हा आजारी पडू शकते, हे डॉक्टरांनी लपवलेलं नाही. पडले तर हे सगळे म्हणतील, बघा, आम्ही सांगत होतो. म्हणू देत.

मी कंटाळून राजीनामा देईन, याची ते वाट बघताहेत. मी देणार नाही. मला काढायचं असेल तर त्यांनी काढावं. का काढलं, ते त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी इथून उठणार नाही.