पेल्यातले ग्लुकोज

माझ्या यजमानांची सारी नोकरी हिंदी मुलखातल्या पोलाद कारखान्यात, ब्लास्ट फर्नेसवर झाली. वितळलेले लोखंड भट्टीबाहेर सोडणाऱ्या टोळीत ते होते. त्या धगीत माणूस घामाने निथळतो, म्हणून पाळीवर प्रत्येकजण लिंबू, मीठ आणि ग्लुकोज घातलेले पाणी पीत असे. निवृत्तीनंतर भट्टी सुटली. पेला सुटला नाही. रोज सकाळी दहाला स्टीलचा उंच पेला आणि त्यात ग्लुकोजचे दोन मोठे चमचे.

मी शाळेत विज्ञान शिकवत असे. साखर हे शरीराचे इंधन आहे, हे वाक्य मी फळ्यावर कितीदा लिहिले असेल. तरीही तो पेला रोज मीच भरत होते. जे प्यावे ते घामावाटे निघून जाते, ही टोळीची समजूत आमच्या घराचीही झाली होती. घाम थांबून सात वर्षे लोटली, हे माझ्या ध्यानातच आले नाही. त्यांची साखर आम्ही एकदाही तपासली नव्हती.

एप्रिलमधल्या एका सकाळी ते म्हणाले, उजवा हात जड वाटून राहिला. ऊन लागले असावे असे समजून मी नेहमीच्या वेळी पेला पुढे केला. त्यांनी घोट घेतला आणि पाणी ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून गळ्यावर ओघळले. मग पेलाच निसटला. अशा वेळी रुग्णाच्या तोंडात काहीही घालायचे नसते, पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते, हे मला नंतर कळले. त्या क्षणी मी फक्त भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. दहा वाजून दहा मिनिटे. ती शाळेची सवय. रुग्णालयात पहिला प्रश्न वेळेचाच निघाला, कारण गुठळी विरघळवणारे इंजेक्शन ठरावीक तासांच्या आतच देता येते.

दुसरे काहीही करण्याआधी त्यांनी बोटाला सुई टोचून साखर पाहिली. मेंदूचा झटका आलेल्या माणसाची साखर पाहण्यात वेळ का घालवतात, असे मला वाटले. तरुण डॉक्टरीणबाईंनी हिंदीत समजावले, की साखर फार उतरली तरी माणूस असाच लुळा दिसतो. ती शंका आधी फेडावी लागते. यजमानांची उतरलेली नव्हती. निरोगी माणसाच्या जवळजवळ तिप्पट होती. मग डोक्याचे स्कॅन झाले, इंजेक्शन दिले गेले, आणि संध्याकाळी चादरीखाली त्यांचा उजवा पाय हलला. त्यानंतर उजव्या हाताची दोन बोटे हलली. मी खुर्चीत बसून त्या दोन बोटांकडे एकटक पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी कागदावर आकृती काढली. रक्तवाहिनी मोकळी झाली, पण तिच्या भोवतालच्या काही पेशी उपाशी आणि अर्धमेल्या आहेत. रक्तात साखर फार असेल तर त्यांना वाचवणे अवघड जाते. सूज आणि रक्तस्रावाचा धोकाही वाढतो. तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या तपासणीवरून साखरेचा आजार जुना असल्याचे दिसले. हात किती परत येईल, हे त्या सांगू शकत नव्हत्या. मात्र साखर, रक्तदाब आणि पोटाचा घेर यांबाबत आपण काही करू शकतो, आणि पुढचे महिने त्यांवर पुष्कळसे अवलंबून आहे, असे त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर व्यायाम ठरला: उजव्या हाताने एका वाटीतले हरभरे दुसरीत टाकायचे. मी वहीत दोन रकाने आखले, एकात सकाळची साखर, दुसऱ्यात हरभऱ्यांची संख्या. पहिल्या दिवशी दोन. पंधरवड्याने अकरा. मग गाडी अकरावरच अडली. काही दिवशी तर ते चार दाण्यांतच थकून डोळे मिटत. रकाने शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा असे दिवस बहुतेक सोमवारी येत होते, आणि सोमवारची साखरही चढलेली असे.

रविवारी चरोद्याहून माझी नणंद येत असे. मी आंघोळीला गेले की ती डब्यातला शिरा भावाला भरवी. मी विचारले, तेव्हा तिने लपवले नाही.

"दादा पार वाळून गेला, वहिनी. तुम्ही त्याले भाकरी अन् भाजीवर ठेवून राहिल्या. ताकद कुठून येईन?"

मी वही उघडून समजावू लागले. तिला आकडे पटेनात. तेवढ्यात यजमानांनी डाव्या हाताने तिचे मनगट धरले. शब्द अजून एकेक करून, अडखळत यायचे.

"बाई... फर्नेस जाम होते. आपण तोंड... खोलतो. बरोबर?"

तिने मान हलवली.

"पण वरून... माल खराब टाकत राहिलं तं... लोखंड थंडच येते. तोंड खोलून... काय फायदा?"

एवढे बोलायला त्यांना बराच वेळ लागला. महिनाभर जी गोष्ट मी डॉक्टरीणबाईंसारख्या आकृत्या काढून त्यांना शिकवत होते, ती त्यांना आधीपासून ठाऊक होती. फक्त ती भट्टीची आहे असे ते समजत होते. नणंद डोळे पुसत म्हणाली, "मंग शिरा खाताना कावून नाही सांगितलं?" ते वाकडे हसले. "शिरा... चांगला होता."

पुढच्या रविवारपासून डब्यात मोड आलेली मटकी येऊ लागली. औषधे, सकाळ-संध्याकाळ आमच्याच गल्लीत फिरणे आणि हरभरे. सोमवार इतर दिवसांसारखे झाले. अकराचे चौदा झाले, चौदाचे वीस. कोणत्या पेशीने कोणत्या पेशीचे काम उचलले, मला दिसत नव्हते. मला फक्त दाणे मोजता येत होते. इतकी वर्षे मज्जासंस्थेचा धडा शिकवला, पण त्यात असे काही चालते याची मला कल्पना नव्हती.

ऑगस्टमधल्या एका सकाळी दहा वाजता मी तोच स्टीलचा पेला त्यांच्यासमोर ठेवला. आत साधे पाणी आणि अर्धे लिंबू. त्यांनी आधी वास घेतला.

"मीठ नाही, साखर नाही. मास्तरीणबाई, लिंबू तरी खरं हाय ना?"

त्यांचा उजवा हात टेबलावरून पेल्याकडे सरकत होता. बोटे पेल्याभोवती एकामागून एक मिटली, करंगळी सर्वांत शेवटी. पेला उचलला गेला, थोडा थरथरला, थोडे पाणी बाहीवर सांडले. मी घड्याळाकडे पाहायचे विसरले. ते घोट घेत होते, आणि ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून एक थेंबही ओघळत नव्हता.