एकदाच लिहिणारे जीजाजी

जी गोष्ट एकदा लिहून झाली ती आयुष्यात पुन्हा लिहायची नाही, हे व्रत अख्ख्या जबलपुरात एकाच माणसानं पाळलं, आणि तो माणूस म्हणजे आमच्या ताईचा नवरा. पुण्याकडे अशा माणसाला दाजी म्हणतात, आमच्याकडे जीजाजी. दुकानांना, दवाखान्यांना संगणकावरचे प्रोग्राम करून द्यायचा त्यांचा उद्योग. कुणाकडे काय आलं, कोण काय घेऊन गेलं, हे सगळं डेटाबेसात नीट बसवायचं. जबलपुरातल्याच गोरखपूर बाजारात एका जिन्याखाली त्यांची खोली होती आणि तिथली दुसरी खुर्ची माझी होती. ती मी कधी सोडू नये, एवढीच त्यांची इच्छा होती. चार वर्षांनी मी ती सोडली. आता जीजाजी नाहीत, आणि त्या खुर्चीची मला फार आठवण येते.

संगणकाला ते सहजासहजी हात लावत नसत. आधी कागद, पेन्सिल आणि चौकोन. गिऱ्हाईक हा एक चौकोन, माल हा दुसरा, मध्ये एक रेघ, आणि त्या एका रेघेवर ते दोन-दोन आठवडे घालवत. एका कापडवाल्या शेठजींना त्यांनी विचारलं, की एका गिऱ्हाइकाचे दोन पत्ते असू शकतात का, आणि एका पत्त्यावर दोन गिऱ्हाइकं राहू शकतात का? शेठजी बिचारे कंटाळून म्हणाले, "भैया, मशीन कब चालू होगी?" जीजाजींनी शांतपणे तिसरा चौकोन काढला. घरीही तेच. तिलवाऱ्याला नर्मदेवर डबे घेऊन जायचं असलं तरी कोणता डबा कोणाकडे याचा नकाशा आदल्या दिवशी व्हायचा, आणि तो पक्का होईपर्यंत ताईनं कणीक भिजवायची नाही. नातेवाइकांना पाठवायचं पत्रसुद्धा त्यांनी एकच करून ठेवलं होतं. 'आपल्याकडची बातमी समजली. या प्रसंगी आम्ही सर्व आपल्याबरोबर आहोत.' लग्नाला तेच, बारशाला तेच आणि तेराव्यालाही तेच. ताई चिडायची, पण कुणी कधी तक्रार केली नाही, हे तिलाही कबूल करावं लागे.

त्यांचं पहिलं मोठं काम मोहल्ल्यातल्या मराठी वाचनालयाचं. पुढे शहपुऱ्याच्या एका प्रसूतिगृहाचं काम आलं तेव्हा मला वाटलं, आता तरी सगळं नव्यानं लिहावं लागणार. जीजाजी म्हणाले, "काहून? पुस्तकाच्या जागी खाट ठेव. बाई येते, खाट घेते, चार दिवसांनी परत करते." दोन्ही नकाशे त्यांनी शेजारी शेजारी मांडून दाखवले. रेघ न रेघ जुळत होती. आठवड्याभरात एका नव्या बापाच्या हाती बायकोच्या सुटीची छापील चिठ्ठी पडली आणि तिच्या तळाशी परत आलेल्या पुस्तकासाठीची ओळ होती, 'पन्ने सही-सलामत पाए गए।' तो गडी भांबावून डॉक्टरीणबाईंकडे गेला आणि बाईंनी आम्हाला फोन केला. जीजाजी ओशाळतील तर शपथ. चूक एकाच जागी आहे म्हणून दुरुस्तीही एकाच जागी, असं मला समजावत त्यांनी ती ओळ बदलली. ती ओळ वाचनालयाचीही होती, हे आम्हा दोघांच्याही डोक्यातून गेलं. नवी फ्लॉपी शनिवारी दोन्हीकडे पोचली. रविवारी एक निवृत्त गुरुजी, वय सत्तर, आजन्म अविवाहित, प्रवासवर्णन परत करायला वाचनालयात गेले आणि त्यांना चिठ्ठी मिळाली, 'जच्चा-बच्चा दोनों स्वस्थ।' म्हणजे बाळ-बाळंतीण सुखरूप. त्यानंतर जीजाजींनी नियमच केला, की जे जागोजागी बदलतं ते तक्त्यात ठेवायचं आणि कुठेच बदलत नाही तेवढंच कोडात लिहायचं. गुरुजींच्या चिठ्ठीचं कळलं त्या दिवशी आम्ही इतके हसलो की शेजारचा शिंपी काम टाकून बघायला आला. पुण्यात इतक्या वर्षांत मी तसा एकदाही हसलेलो नाही.

पुण्याची नोकरी लागल्याचं मी त्यांना भीतभीतच सांगितलं. "चलो, अच्छा झालं," ते म्हणाले, आणि बराच वेळ पेन्सिलीला टोक काढत राहिले. मग म्हणाले, "पण सालेसाहेब, पुन्हा वापरायला दुसरा माणूस लागतो न. एकट्यासाठी कोण एवढं नीट लिहून ठेवते?" सुटीत येत जाईन, असं मी म्हणालो. सुट्या आल्या, मीही आलो, पण जिन्याखालच्या खोलीत जायचं मात्र टाळत राहिलो. त्यांनीही कधी चल म्हटलं नाही.

गेल्या वर्षी जीजाजी गेले. दिवस झाल्यावर ताई म्हणाली, शहपुऱ्याहून फोन आला होता, चिठ्ठीवर मोबाईलचा नंबर छापून हवा आहे, तू बघतो का? मी खोली उघडली, संगणक सुरू केला. काम दहा मिनिटांचं निघालं, कारण जागा त्यांनी आधीच करून ठेवली होती. पण कोडाच्या प्रत्येक भागावर एक टीप होती, इंग्रजी अक्षरांत मराठी, आणि शेजारी तारीख. पहिल्या टिपा मी तिथं होतो तेव्हाच्या. खाली जात राहिलो तशा मी गेल्यानंतरच्या तारखा लागल्या. तीन वर्षांनंतरची, सात वर्षांनंतरची, बारा वर्षांनंतरची. 'सालेसाहेब, इथं आधी नकाशा पाहा, मग हात लाव.' 'सालेसाहेब, हे फार लांबलचक होतं, तुझ्यासाठी सोपं करून राहिलो.' शेवटची टीप त्यांच्या आजारपणातली होती. 'सालेसाहेब, एवढा भाग अर्धा ठेवला आहे. तू आला की दोघं मिळून करू.'

काम झालं का, असं ताईनं दारातून विचारलं. मी तिच्याकडे न बघताच म्हणालो, "नाही, थोडं राहिलं आहे."