संघपाल मिस्त्रीला न पटणारे दिवे

संघपाल मिस्त्रीला कुठलाच दिवा पटत नव्हता आणि मला त्याचा भयंकर राग यायचा.

बारामतीहून इंदापूरकडं जाताना वालचंदनगरचा फाटा लागतो. त्याच्या जरा अलीकडं संघपालचं पत्र्याचं गॅरेज होतं. मी पणदऱ्याचा. एका वर्षी डाळिंबाच्या बागेनं साथ दिली तेव्हा हौसेनं जुनी फियाट घेतली आणि तिनं पुढची सात वर्षं माझा पिच्छा पुरवला. बारामतीत मिस्त्री नव्हते असं नाही. पण ते गाडी बघितली की आधी पान्हा लावायचे. संघपाल आधी ऐकायचा. इंजिन चालू ठेवायला सांगून बॉनेटवर हात टेकून उभा राहायचा आणि दोन मिनिटांनी नेमकं दुखणं सांगायचा. म्हणून मी बारामती ओलांडून एवढ्या लांब जायचो आणि वाटेत ढकलायची वेळ आली तरी त्याच्याकडंच जायचो.

त्याच्या बायकोचं नाव करुणा. डी.एड. झालेली, पण लग्नानंतर तीन वर्षं नोकरी नाही. घर गॅरेजच्या मागंच, म्हणून ती दुपारी गॅरेजमध्ये यायची आणि गाडीच्या बॅटरीला चिमटे लावून जोडलेला साधा बल्ब हातात धरून उभी राहायची. येणारेजाणारे बघून हसायचे. मीही एकदा हसलो होतो. मग तिचं काम नीट बघितलं आणि गप्प बसलो. संघपालचा हात इंजिनात ज्या बाजूनं शिरेल, त्याच्या उलट्या बाजूला करुणाचा दिवा. त्यामुळं त्याच्या बोटांची सावली कधी नटावर पडायचीच नाही. तो 'इकडं धर, तिकडं धर' असं कधी म्हणायचा नाही. दोघं काम करताना बोलायचेच नाहीत.

मग त्र्याण्णव साली शिक्षक भरती निघाली. अर्ज संघपालनंच आणला, त्यानंच भरला, शिक्के मारून आणायला तोच पळाला. बायकोच्या शिक्षणाचं चीज व्हावं, ही त्याची मनापासूनची इच्छा. नेमणूक आली ती रत्नागिरी जिल्ह्यात, संगमेश्वरच्या बाजूला, डोंगरातल्या दोनखोली शाळेवर. नवरा-बायको दोघंही सरकारी नोकरीत असले तर त्यांना एका ठिकाणी आणायची सोय असते. मिस्त्रीच्या बायकोला कसली सोय! ती दिवाळीला आणि मे महिन्यात यायची. बदलीचा अर्ज तिनं पहिल्याच वर्षी केला होता आणि त्यावर कोणी ब्र काढत नव्हतं.

ती गेली आणि दिव्यांची वरात सुरू झाली. आधी त्यानं तोंडात टॉर्च धरून काम केलं. लाळ गळायची, शिवाय तोंड अडकल्यामुळं गिऱ्हाइकाला शिव्या देता यायच्या नाहीत. मग जाळीतला शंभरचा बल्ब आणला. तो इतका तापायचा की कपाळ भाजायचं, आणि एके दिवशी रेडिएटरचं पाणी उडालं तर फटकन फुटला. त्यानंतर हातात धरायची छोटी ट्यूब. तिचा उजेड वर पसरायचा, खाली खोलात उतरायचाच नाही, आणि लाईट गेली की ती मुकी.

प्रत्येक दिव्याची तक्रार तो करुणाला लिहून कळवायचा. तीही डोकं लढवून उपाय सांगायची. ट्यूब उभी टांगा. जाळीच्या मागं डब्याचा पत्रा लावा. तिची ही पत्रं तो गिऱ्हाइकांना मोठ्यानं वाचून दाखवायचा, कारण त्यात दिव्याशिवाय काहीच नसायचं. त्याची आई रंगुबाई बाजेवरून म्हणायची, "आरं, जेवलास का म्हून तरी इचारती का न्हाय?" संघपाल पत्र उलटंपालटं करून बघायचा आणि म्हणायचा, "हितं जागाच उरली न्हाय तिला."

दोन वर्षं हे ऐकून माझं डोकं फिरलं. डाळिंबं घेऊन पुण्याला गेलो होतो, तेव्हा मुद्दाम नाना पेठेत, गाड्यांच्या सामानाच्या बाजारात उतरलो आणि पाच दुकानं पालथी घातली. पाचव्या दुकानदाराला म्हटलं, गाडीच्या बॅटरीवर चालला पाहिजे, म्हणजे लाईटची भानगड नको. काच जाड हवी, पाणी पडलं तरी न तडकणारी. मागं पत्र्याची पाठ हवी, उजेड कामावर पडावा, डोळ्यांत नको. टांगायचा आकडा फिरता हवा, वायर लांब आणि रबराची. तो वैतागला, पण शेवटी माळ्यावरून असा एक दिवा काढून दिलाच. मला तर वाटलं, किल्ला सर केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गॅरेजवर गेलो आणि दिवा त्याच्या पुढ्यात ठेवला. "आता ह्याला नाव ठिवून दाखव."

त्यानं चिमटे लावले, आकडा बॉनेटला अडकवला आणि माझ्या फियाटचे पॉइंट, म्हणजे ठिणगीचे ते बारके तुकडे, सेट करायला घेतले. उजेड थेट खोलात उतरला. सावली नाही, चमक नाही. एरवी तासभर चालणारं काम त्यानं अर्ध्या तासात उरकलं. इंजिन असं सुरू झालं की मलाच ओळखू येईना. मी छाती फुगवून विचारलं, "कसा हाय?"

त्यानं दिवा बंद केला. हातात धरून उलटसुलट बघितला. मग म्हणाला, "ह्यात काय खोट न्हाय, गोकुळराव."

"मग तोंड का पाडलंस?"

"आता तिला लिहू काय?"

मला कळेना. त्यानं दिवा बाजूला ठेवला. मग फडक्यानं हात पुसत म्हणाला, "दिवा चांगला गावला म्हून लिवलं, तर ती म्हणंल, बरं झालं, मिस्त्रीचं भागतंय. एकदा भागतंय म्हणलं की माणसाला सवय लागती. तिला तिकडची लागंल, मला हिकडची. दोन वर्सं अर्ज पडून हाय. ती दर सुट्टीत हापिसात चकरा मारती. तिनं त्या सोडल्या तर? मला तिची सवय मोडायची न्हाय, गोकुळराव."

"अरे मर्दा, मग सरळ लिही ना, तुझ्याबिगर करमत न्हाय म्हणून!"

"तसलं मला येत न्हाय लिवाय," तो म्हणाला.

मी तावातावानं आणखी बोलणार होतो, पण मला माझंच घर आठवलं. घरी माझी बायको वृषाली होती, लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि तसलं वाक्य मी तरी कधी बोललो होतो?

तो बाकड्यावर बसला, आंतरदेशीय पत्र मांडीवर घेतलं आणि लिहायला लागला. लिहून झाल्यावर माझ्याकडं दिलं, बारामतीच्या पोस्टात टाकायला. चिकटवलं नव्हतं. म्हणाला, "वाचा की." मी वाचलं. गोकुळरावांनी पुण्याहून दिवा आणला, पण उजेड लई तिखट आहे, डोळे दिपतात, काम होत नाही, काय करावं ते कळव.

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. पाच दुकानं पालथी घालून आणलेला दिवा! पण पत्र फाडायला हात धजेना. मी ते थुंकी लावून चिकटवलं आणि बारामतीत पेटीत टाकलं.

बारा-तेरा दिवसांनी फियाटनं पुन्हा नाटक केलं आणि मी गॅरेजवर गेलो. करुणाचं पाकीट नुकतंच आलं होतं. आत अर्धं पान पत्र आणि एक गोल कापलेला खाकी कागद, वह्यांना कव्हर घालतात तो. दिव्याच्या काचेचं माप संघपालनं तिला कळवलंही नव्हतं, पण तिनं अंदाजानं कापलेला गोल बरोबर बसेल एवढा होता. तिनं लिहिलं होतं, हा काचेवर चिकटवा, उजेड मऊ होईल, आणि बरं वाटलं का ते लगेच कळवा. 'लगेच'खाली दोन रेघा मारल्या होत्या.

संघपालनं बोटानं खळ लावली आणि कागद काचेवर चिकटवला. कडा अंगठ्यानं दाबून दाबून बसवल्या. दिवा लावला तर उजेड निम्म्यावर आला. इंजिनात चहाच्या रंगाचा अंधार पसरला आणि पॉइंट कुठं आहे तेसुद्धा दिसेना.

"आरं, चांगल्या दिव्याचा जीव घेतलास की!" मी ओरडलो.

"तिनं सांगितलंय," तो म्हणाला आणि बॉनेटखाली वाकला.

त्या दिवशी अर्ध्या तासाचं काम दोन तास चाललं. तो चाचपडत होता, पान्हा दोनदा खाली पडला, एकदा बोट सोलपटलं. मी बाजूला उभा राहून पडलेला पान्हा उचलून देत होतो, पण तो कागद काढ असं काही म्हटलं नाही.