दुरुस्ती वगळून

मस्कतच्या रुवी भागात, एका मोबाइल कंपनीच्या शाखेत भिकाजी परब फोन दुरुस्त करायचा आणि नूरबानू सिमकार्डं विकायची. भिकाजी देवगडकडचा; त्याचा व्हिसा दुरुस्ती कामगाराचा. नूरबानू मत्रहची, ओमानी. दोघांचं सगळं हिंदीत चाले, भांडणासकट.

दुकानाच्या लायसन्सवर जितके धंदे लिहिलेले, तितकी नगरपालिकेची फी. पाटीची फी वेगळी, तिच्या आकारानुसार. नगरपालिकेला इथे सगळे बलदिया म्हणतात. कंपनीने गावोगाव शाखा काढल्या, तशी ही फी अझैब्याच्या मुख्य ऑफिसात टोचू लागली. तिथून सलील गोखले आला. पुण्याचा, भिकाजीहून बराच लहान.

"भिकाजीराव, यंदा लायसन्समधून दुरुस्ती वगळतोय. पाटीही अर्धी करून घ्या."

"आणि मी?"

"जुनं लायसन्स महिनाभर आहे अजून. मग बघू."

दुरुस्ती गेली की दुरुस्तीवाल्याचा व्हिसा जाणार, हे भिकाजीला वेगळं सांगायला नको होतं. विनवण्या करणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्याने शिडी लावली, पाटी उतरवली, दुरुस्ती लिहिलेली अर्धी बाजू कापली, कडा घासून गुळगुळीत केल्या आणि उरलेली परत लावली.

"अपनी ही कुर्सी काट रहे हो, भिकूभाई," नूरबानू म्हणाली.

"तो क्या टेढ़ी काटूँ?"

पुढच्या दिवसांत दुरुस्तीचं गिऱ्हाईक आटलं, हे ठरल्याप्रमाणेच झालं. पण सिमही खपेनात. सलील तणतणत आला, तेही शुक्रवारी, कामगारांच्या सुट्टीच्या दिवशी.

"नूरबानू, सेल क्यों गिरा?"

"मुझसे क्या पूछते हो? बैठो, देखो."

सलील बसला. फुटक्या काचेचा फोन घेऊन एक कामगार दारापर्यंत आला, पाटी वाचली आणि पलीकडच्या दुकानात गेला. थोड्या वेळाने बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात नव्या सिमचं पाकीट होतं. मग तसाच दुसरा आला.

"फोन बनने तक आदमी क्या करेगा? सिम लेगा, रिचार्ज करेगा," नूरबानू म्हणाली. "तुमने तो गिराक को बाहर से ही भगा दिया."

तिसरा माणूस वळू लागला तेव्हा सलील उठून दारात गेला. "भाई, इधर! होता है, इधर होता है!"

भिकाजीने दिवा जवळ ओढला आणि त्या माणसाच्या फोनचं झाकण काढलं. सलीलने तिथूनच ऑफिसला फोन लावला. नव्या लायसन्सचा अर्ज अजून गेला नव्हता. "रुवीची दुरुस्ती लायसन्सवर राहू दे," तो म्हणाला. मग भिकाजीकडे वळला. "या वर्षापुरती हं. पुढच्या वर्षी बघू."

"बघा," भिकाजी मान वर न करता म्हणाला.

फोनवाला तोवर नूरबानूच्या काउंटरवर टेकून सिमचे भाव विचारत होता.