सेल्दोनीची दवंडी

आमच्या फोंतसेरा गावात घड्याळं बरीच आहेत, पण वेळ सांगायचा तो सेल्दोनीच. तो गावचा कोतवाल. पाण्याचे मीटर वाचणं, स्मशानाचं फाटक उघडणं, सूचनाफळ्यावर कागद लावणं ही कामं त्याची, आणि या सगळ्यांत मानाचं काम दवंडीचं. पंचायतीच्या माडीवर एक जुनं यंत्र आहे. त्यावर तो आधी जत्रेतल्या बँडची झिजलेली तबकडी लावतो. चर्चच्या मनोऱ्यावरचे कर्णे ती धून डोंगरापर्यंत नेतात. मग तो खाकरतो आणि म्हणतो, "गावकऱ्यांना कळवण्यात येतं की..."

त्या कर्ण्यांची एक खोड आहे. घरात बसून ऐकलं तर शब्द एकमेकांवर आदळतात, काही म्हणजे काही कळत नाही. स्पष्ट ऐकू येतं ते फक्त चौकातल्या कारंज्यापाशी. म्हणून धून वाजली की गाव कारंज्याकडे चालू लागतं. माझ्या आजोबांच्या काळापासून हे असंच आहे. न्हाव्याकडे अर्ध्या गालावर साबण घेऊन बसलेला माणूससुद्धा उठून येतो. मासेवाल्याची गाडी असो, पाणी बंद असो किंवा कुणाचं मरण, पाय आधी निघतात आणि डोकं मागून येतं.

एकतीस वर्षांत सेल्दोनीने एकही खोटी दवंडी दिली नव्हती. दोन वर्षांच्या दुष्काळात मागच्या सरपंचाने त्याला सांगितलं होतं, "पाणी पुरेसं आहे म्हणून सांग." सेल्दोनी म्हणाला, "मी टाकीत डोकावून आलोय." विषय तिथेच संपला.

आमचा प्रदेश देशापासून वेगळा व्हावा की नाही यावर ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मतदान ठरलं, आणि राजधानीतल्या, माद्रिदच्या न्यायालयाने ते बेकायदा म्हणून थांबवलं. न्यायालयाचा हुकूम पंचायतीत आला. सेल्दोनीने तो चार टाचण्या लावून फळ्यावर डकवला. आमच्या ब्लाय सरपंचाने तो फाडला. सेल्दोनीने दुसरी प्रत लावली.

"अरे, तू नक्की कुणाच्या बाजूचा?" ब्लाय ओरडला.

"फळ्याच्या," सेल्दोनी म्हणाला. "उद्या तुमचा कागद आला तर तोही लावीन. याच्या शेजारी."

गावाला ते रुचलं नाही. दुकानात लोक त्याला "न्यायाधीश महाराज" म्हणू लागले. सगळ्यांत तिखट जीभ त्याच्या सासूची, तेक्लाआजीची. वय अठ्ठ्याऐंशी, आणि कानाने पार गेलेली. श्रवणयंत्र होतं, पण ती ते साखरेच्या डब्यात ठेवायची. "अहो जावईबापू," ती भर चौकात म्हणाली, "मी लहान होते तेव्हा माझ्या बापाला आपली भाषा बोलला म्हणून मारलं. तुम्ही टाचण्या लावत बसा. मी मतदानाच्या जागी दारात बसणार आहे. मला उचलायचं तर खुर्चीसकट उचलावं लागेल."

रविवारी पहाटेपासून पाऊस भुरभुरत होता. सहकारी तेलघाण्याच्या सभागृहात मतपेटी आली. ती कुठून आली हे कुणी विचारलं नाही. आमच्याच प्रदेशाच्या पोलिसांतले दोघं आले, त्यांनी विचारलं, "इथला जबाबदार कोण?" आम्ही दोनशे जण एका सुरात म्हणालो, "मी." त्यांनी ते लिहून घेतलं, उभ्याने कॉफी प्यायली आणि ते निघून गेले.

मग वालदोरातून फोन आला. ते आमच्या शेजारचं गाव, दरी ओलांडली की लागतं. माद्रिदहून पाठवलेले पोलीस तिथे शिरले होते. शाळेच्या पायऱ्यांवर बेकरीवालीचं डोकं फुटलं होतं, एका म्हाताऱ्याचा हात मोडला होता. तेवढं सांगून फोन तुटला, आणि नंतर कुणाचाच लागेना.

आम्ही दारात हात गुंफून उभे राहिलो. पुढच्या रांगेत म्हातारी माणसं, कारण म्हाताऱ्यांवर कोण काठी उगारेल अशी आमची समजूत होती. वालदोरातही तीच समजूत होती. मधोमध खुर्चीत तेक्लाआजी, मांडीवर छत्री. मी तिच्या मागे. माझ्या डावीकडचा ट्रॅक्टरवाला थरथरत होता आणि म्हणत होता, "थंडी आहे रे." थंडी नव्हती.

पंचायतीच्या माडीवर त्याच वेळी काय चाललं होतं, ते सेल्दोनीने मला त्या हिवाळ्यात ऑलिव्हची झाडं झोडताना सांगितलं. सांगताना तो काठी थांबवत नव्हता.

पोलिसांच्या गाड्या पुलाशीच थांबल्या होत्या. चाळीस माणसं सभागृहामागच्या धोबीघाटाच्या आडोशाला उभी केली होती. त्यांचा सार्जंट मागच्या गल्लीने पंचायतीत आला. पन्नाशीचा, दाढी वाढलेली. पोलिसांना राहायला बंदरात बोट दिली होती, तिच्या खोलीत दहा रात्री काढल्याने डोळे लाल झालेले.

"दारात कोण कोण आहे?" त्याने विचारलं.

"सगळं गाव. पुढे म्हातारी माणसं. मधल्या खुर्चीत माझी सासू."

"मग तिला घरी जायला सांगा."

"साहेब, लग्न झाल्यापासून मी तिला काहीच सांगू शकलेलो नाही."

सार्जंट हसला नाही. त्याने हातातला भोंगा पुढे केला. "दारासमोर जा, हुकूम वाचा. कायद्याने आधी ताकीद द्यावी लागते. दहा मिनिटं देतो. नंतर माझी माणसं शिरतील, आणि आत काय होईल ते माझ्याही हातात राहणार नाही. सकाळी एका ठिकाणी राहिलं नाही."

सेल्दोनीने भोंगा घेतला नाही. तो यंत्राकडे बघत होता. भोंगा घेऊन दारासमोर उभा राहिलो तर लोक शिव्या देतील, हात आणखी घट्ट धरतील आणि दहा मिनिटं संपतील, हे त्याला दिसत होतं. आणि तबकडी लावली तर काय होईल, तेही.

"इथे भोंग्याचं कुणी ऐकत नाही," तो म्हणाला. "इथे धून वाजते. धून वाजली की लोक बाहेर येतात."

सार्जंटने मान वर केली. "सगळे?"

"दार मोकळं मिळालं तर काठी उचलाल का?"

"मोकळ्या दारात काठीचं काय काम?"

"शब्द?"

"शब्द."

सेल्दोनीने तबकडी पुसली. नेहमी तो ती फुंकर मारून लावत असे, त्या दिवशी बाहीने पुसली. सुई जरा पुढेच टेकली आणि बँडचे पहिले दोन ठोके गेलेच.

आम्हाला फक्त धून ऐकू आली. तासाभरापासून बाहेरची काही बातमी नव्हती. सगळ्यांच्या मनात एकच आलं, की काहीतरी कळलंय आणि सेल्दोनी सांगतोय. ट्रॅक्टरवाल्याचा हात माझ्या हातातून सुटला की माझा त्याच्या, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. पाय निघाले. म्हातारे, पोरी, ब्लाय सरपंच, सगळे. चाळीस पावलांवर कारंजं. आम्ही पावसात माना वर करून उभे राहिलो.

"गावकऱ्यांना कळवण्यात येतं की," सेल्दोनीचा आवाज आला, आणि त्याने हुकूम वाचायला घेतला. शिक्का, क्रमांक, तारीख, सगळं. नेहमी वाचतो तसंच संथ. मधेच एका जागी तो अडखळला आणि बराच वेळ नुसती खरखर येत राहिली. त्याला त्या क्षणी आठवलं होतं की तेक्लाआजीचं श्रवणयंत्र साखरेच्या डब्यात आहे. तिला धून ऐकू जाणारच नव्हती. माडीच्या खिडकीतून सभागृहाचं दार दिसत नाही.

मागे बूट वाजले, तेव्हा आम्ही वळलो.

दारात ती एकटी होती. छत्री दोन्ही हातांत आडवी धरून, समोरून येणाऱ्या चाळीस शिरस्त्राणांकडे बघत. पहिल्या दोघांपैकी एकाने काठी कमरेला अडकवली. वाकून तो तिला काहीतरी म्हणाला, आणि तिने त्याच्या शिरस्त्राणावर छत्री हाणली. टण्ण असा आवाज झाला. त्याने डोळे मिटले आणि उघडले. मग दोघांनी दोन्हीकडून खुर्ची धरली, तिला खुर्चीसकट उचललं आणि भिंतीच्या कडेला, पाऊस लागणार नाही अशा जागी ठेवलं.

पाच मिनिटांत मतपेटी गाडीत गेली. गावात कुणाला ओरखडासुद्धा आला नाही. मनोऱ्यावरून सेल्दोनी अजून वाचतच होता, कारण दवंडी पूर्ण वाचायची असते.

त्या संध्याकाळी त्याच्या दारावर कुणीतरी काळ्या रंगाने 'गद्दार' लिहिलं. त्याची बायको सुन्ता ते घासत होती, आणि तो बादलीतलं पाणी बदलून देत होता. "तुला माहीत होतं?" ब्लायने अंगणातूनच विचारलं. "लोक दार सोडून येतील हे तुला माहीत होतं की नाही?"

"एकतीस वर्षं मी ती वाजवतोय," सेल्दोनी म्हणाला. "मला नाही तर कुणाला माहीत असणार?"

वालदोराच्या बेकरीवालीला तेरा टाके पडल्याचं तोवर सगळ्यांना कळलं होतं. तरी तो म्हणाला, "मार खायचा की नाही, हे आमचं आम्ही ठरवायचं होतं." सेल्दोनी बादली उचलून नवं पाणी आणायला गेला. मी तेव्हा ब्लायच्या मागे उभा होतो.

मंगळवारी अकराला धून वाजली. मासेवाल्याची गाडी आली होती. मी खिडकीशी उभा होतो. चौकात कुणी येईना. पडदे हलत होते, दारं मात्र बंद. "गावकऱ्यांना कळवण्यात येतं की," सेल्दोनी म्हणाला आणि थांबला. माडीवरून त्याला कारंजं दिसतं. रिकामं कारंजं त्याने कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात चर्चच्या कडेने तेक्लाआजी आली, खुर्ची फरफटत. तीच खुर्ची. दोन दिवस ती जावयाशी एक शब्द बोलली नव्हती, त्याच्या हातचं पाणीही घेतलं नव्हतं. तिने खुर्ची कारंज्यापाशी ठेवली, त्यात बसली आणि मान वर करून मनोऱ्याकडे बघू लागली. सेल्दोनीने पहिल्यापासून सुरुवात केली.

मला घरात राहवेना. मी जाऊन तिच्याजवळ उभा राहिलो.

"काय म्हणतोय?" ती ओरडली.

"मासे आलेत," मी तिच्या कानात ओरडलो. "सार्डिन आणि बांगडे!"

"ताजे आहेत का, विचार त्याला. खोटं नाही सांगायचा, मेला."